पूजेच्या वेळी काढून ठेवलेलं घड्याळ

बीदरजवळच्या आमच्या चिटगुप्प्यात नवीन वस्तू निघाली की ती आधी माझ्या घरी येते आणि मग तिच्यावर गल्ली हसते. हा क्रम ठरलेला आहे. मी इथल्या कॉलेजात संगणकाची प्रयोगशाळा सांभाळते, म्हणून यंत्रांचं वेड हा नोकरीचाच भाग आहे असं मी सांगत असते. पण ते काही खरं नाही. वेड आधीचं, नोकरी नंतरची. कुरियरवाला आमच्या बोळात शिरला की समोरच्या कट्ट्यावरच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसतात. त्यातली एक अक्का एकदा माझ्या तोंडावरच म्हणाली, "हिचं लगीन त्या कुरियरवाल्याशीच लावून टाका. येणं-जाणं तर हायेच." मी म्हटलं, "विचारलं की अक्का. त्याला वेळ न्हाई म्हणतोय."

माझं एक तत्त्व आहे. वस्तू वाईट नसते, तिच्याजवळ कुणी पुरेसं बसलेलं नसतं. माहितीपत्रक वाचायचं नाही, सेटिंग बघायचं नाही, आणि दोन दिवसांत "बेकार हाय" म्हणून कपाटावर टाकायची, ही आपली रीत. मी तसं करत नाही. मी मागेच लागते.

केर काढणारं ते गोल यंत्र आणलं तेव्हाची गोष्ट. आमची फरशी शहाबादी, वर्षानुवर्षं तेलपाणी पिऊन काळी झालेली. त्या यंत्राच्या पोटाला डोळे असतात आणि काळा रंग दिसला की त्यांना पुढे खड्डा आहे असं वाटतं. त्यामुळे ते बिचारं माजघराच्या मध्यावर यायचं, थबकायचं, मागे सरकायचं. माझी आई, म्हणजे अव्वा, भाजी निवडता निवडता बघत होती. म्हणाली, "कामून भ्यायलंय गं हे? आदी घर दाखीवलं न्हाईस काय त्याला?" मी चार दिवस त्याच्याशी झुंजले आणि शेवटी त्याच्या डोळ्यांवर पांढरा कागद चिकटवला. भीती एकदम गेली. त्याच संध्याकाळी ते ऐटीत उंबऱ्याच्या झिजलेल्या बाजूवरून बाहेर गेलं आणि पायरीवरून अंगणात आदळलं.

मग आपण बोललो की उत्तर देणारा डबा आणला. अव्वा त्याच्याशी सुरुवात मराठीत करायची आणि वाक्य कन्नडमध्ये संपवायची, कारण ती सगळ्यांशीच तसं बोलते. डबा दर वेळी समजलं नाही म्हणून माफी मागायचा. अव्वाला त्याची दया यायला लागली. "सारकी माफी मागायलंय लेकरू, काय केलंय त्यानं?" असं म्हणून तिनं त्याला विचारणंच सोडलं. आता तो फक्त गजर लावायच्या कामाचा उरला आहे.

या सगळ्यावर माझ्या वडलांचं, म्हणजे अप्पांचं, मत एका शब्दाचं होतं. "खेळणी."

अप्पांचं भुसार दुकान आहे. तूर, उडीद, ज्वारी. दुकानात त्यांनी माझं एकच यंत्र घेतलं, आकडे दाखवणारा वजनकाटा, आणि तेही त्याच्या शेजारी जुना लोखंडी तराजू तसाच टांगून. कुणा गिऱ्हाइकानं नुसता डोळा बारीक केला तरी अप्पा पोतं उचलून तराजूत घालतात. तरीही मन भरत नसेल तर म्हणतात, "जा, पलीकडच्या दुकानात मोजून ये. ज्याचं माप खरं, त्यानं दुसऱ्याच्या तराजूला भिऊ न्हाई." हे वाक्य ऐकत मी लहानाची मोठी झाले. ते एक दिवस त्यांच्यावरच चालवावं लागेल असं काही मला वाटलं नव्हतं.

झालं असं की अप्पा दुकानात पडले. पोतं उचलताना नाही, की धावपळीत नाही. काट्याजवळ उभे होते, गिऱ्हाइकाशी बोलत होते, आणि बोलता बोलता खाली बसल्यासारखे कोसळले. पाणी मारेपर्यंत उठलेही. कपाळाला खोक पडली होती, पण त्याचं त्यांना काहीच नव्हतं. "ऊन लागलं आसंल," म्हणाले. दुकानाच्या आत, सावलीत.

अव्वानं त्या दिवशी त्यांच्या मोपेडची किल्ली काढून कमरेला खोचली. अप्पांनी मागितली, तिनं दिली नाही. घरात भांडण झालं नाही, पण अप्पा दुकानात पायी जायला लागले आणि जाताना दारातल्या मोपेडकडे बघायला लागले.

मी त्यांना बीदरला घेऊन गेले. डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या, एक डबी कमरेला बांधली आणि एक दिवस-रात्र अंगावर ठेवायला सांगितली. डबीनं काही दाखवलं नाही. रक्त चांगलं, साखर चांगली. डॉक्टर म्हणाले, असं कधी कधी सापडत नाही, लक्ष ठेवा. लक्ष ठेवा म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार? माझ्या मनगटावरचं घड्याळ, नाडीचे ठोके मोजणारं, सगळ्यांत आवडतं, मी काढलं आणि अप्पांच्या डाव्या हाताला बांधलं. खेळणी म्हणतच त्यांनी ते बांधून घेतलं.

मी रोज संध्याकाळी फोनवर त्यांच्या नाडीची रेघ उघडून बसायला लागले. दिवसभराची रेघ, चढउतार, सगळं शहाण्यासारखं. दुकान उघडताना थोडी वर, दुपारच्या झोपेत खाली. मी माझ्या घड्याळावर खूश होते. अप्पा ठीक आहेत असं मला ते रोज सांगत होतं आणि मला तेच ऐकायचं होतं.

पण मी मागे लागणारी बाई. काही दिवसांनी दिसलं की रेघेत रोज सकाळी एक तुकडा कोराच असतो. रोज तिथंच. आधी वाटलं चार्जिंगला लावत असतील. पण चार्जिंग तर मी रात्री करत होते.

"अप्पा, सकाळी घड्याळ काढता काय?"

"पूजेला बसताना काढतो की."

"कामून?"

"आंघोळीला काढतो, मग पूजा झाल्यावरच घालतो. त्या दवाखान्याच्या तारा बी काढल्या होत्या. पारोशानं लिंग हातात घ्यायचं काय?"

मी कपाळाला हात लावला. दवाखान्यात सांगितलं होतं की अंगाला पाणी लावू नका, तारा काढू नका. अप्पांनी मान हलवली होती. सकाळी त्यांनी तारा सोडवल्या, आंघोळ केली, पूजा केली आणि तारा पुन्हा जिथल्या तिथं नीट चिकटवल्या. यात काही सांगण्यासारखं आहे असं त्यांना वाटलंच नाही. आमच्या घरात कुणालाच वाटलं नसतं. आम्ही लिंगवंत, म्हणजे लिंगायत. अप्पा रोज आंघोळ करून कपाळाला विभूती लावतात, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घेतात, तो हात डोळ्यांसमोर धरतात आणि एकटक बघत बसतात. त्या वेळी घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. मी शाळेत असल्यापासून ती वेळ दिवसातून वगळलेलीच आहे. दवाखान्याच्या डबीनं आणि माझ्या घड्याळानं ती तशीच वगळली होती.

"ह्या घड्याळाला पाण्याचं काय होत न्हाई," मी म्हटलं. "त्याला बी आंघोळ घाला."

त्यांनी दुसऱ्या दिवशी घालून बघितलं आणि पूजेतून उठून सरळ माझ्याकडे आले. हात पुढे केला. "काढ हे. लिंगाच्या खालून गुरगुरायलंय."

घड्याळानं त्यांना सूचना दिली होती: बराच वेळ बसून आहात, जरा उठा, चार पावलं चाला. मला हसू आलं आणि ते लपवता आलं नाही. अप्पा हसले नाहीत. मी त्याच क्षणी खुर्ची ओढून बसले आणि घड्याळातलं एकेक गुरगुरणं शोधून बंद केलं. उठण्याची सूचना, फोनची, निरोपांची, पडद्याचं आपोआप उजळणंही. आता ते नुसतं मोजणार होतं. तसं मी त्यांना दाखवलंही.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळचा तुकडा कोरा. तिसऱ्या दिवशीही कोरा.

मला राग आला. मी दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं, अप्पा तुरीतले खडे निवडत बसले होते. मी समोर पोत्यावर बसले. "आता काय अडचण हाय?" मी विचारलं. "पाण्याची न्हाई, गुरगुरण्याची न्हाई. मग?"

ते निवडतच राहिले. मग सापडलेला खडा बाजूला टाकून म्हणाले, "सांगितलं तर अव्वाला सांगशील."

"न्हाई सांगत."

मग त्यांनी सांगितलं. कधी कधी पूजेत बघता बघता सगळं जातं. आधी हात जातो, म्हणजे हात आहे हे कळत नाही. मग आवाज जातात. मग लिंगही दिसत नाही आणि आपणही उरत नाही. काहीच नसतं. परत येतात तेव्हा डोळ्यांत पाणी असतं आणि अंग हलकं झालेलं असतं. "माझे अप्पा जलमभर बसले," ते म्हणाले, "त्यांना न्हाई लागलं. मरताना बी म्हणायले, मला काय ते लागलं न्हाई. मला लागायलंय. आलीकडं लागायलंय. तू त्याला चक्कर म्हणू नको."

मला अप्पांचा हेवा वाटला, हे आधी सांगते. मग भीती वाटली, आणि भीती मोठी होती. दुकानात कोसळले तेव्हा तळहातावर लिंग नव्हतं. तेव्हा ते उडदाचा भाव सांगत होते.

घरी जाऊन गप्प बसणं सोपं होतं. माझं मन दोन्हीकडे ओढत होतं, अर्धी दुपार मी काहीच केलं नाही. त्यांना जे आयुष्यभराच्या बसण्यानं मिळालं, ते मी माझ्या मनगटावरच्या खेळण्यानं मोजायला निघाले होते. पण नंतर मी ठरवलं. अप्पांना मी फसवणार नव्हते, त्यांच्या नकळत काही बांधणार नव्हते, पण सोडणारही नव्हते.

संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी मी पुन्हा गेले. टांगलेल्या जुन्या तराजूकडे बोट दाखवलं.

"तुमीच म्हणता न्हवं, ज्याचं माप खरं, त्यानं दुसऱ्याच्या तराजूला भिऊ न्हाई. तुमचं खरं आसंल तर माझं घड्याळ काय करणार हाय? घाला आन् बसा."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. गिऱ्हाइकानं बरोबर जागेवर बोट ठेवलं की ते ज्या नजरेनं बघतात, तशी नजर होती. मग हात पुढे केला. "घट्ट बांध," म्हणाले. "न्हाईतर म्हणशील सैल होतं."

पहिले काही दिवस कोऱ्या जागी रेघ आली आणि ती अगदी सरळसाध्या चालीची होती. अप्पा मला विचारायचेही नाहीत. मग एका सकाळी ते पूजेतून उठले तेव्हा डोळे ओले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन फोन उघडला. रेघ चालता चालता एकदम खाली गेली होती, खूप खाली, आणि पुन्हा वर आली होती. मी घड्याळाची बाजू घेणारी, पण त्या क्षणी मनापासून वाटलं की हे घड्याळ चुकलेलं असू दे.

बीदरच्या डॉक्टरांनी ती रेघ बघितली. घड्याळावर भरवसा ठेवायला ते तयार नव्हते आणि ते बरोबरच होतं. पण पूजेचं आणि सोडलेल्या तारांचं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. अप्पांना दाखल करून घेतलं. सकाळी आधी आंघोळ करू दिली, मग तारा लावल्या, पडदा ओढला आणि म्हणाले, "काकाजी, आप रोज जैसी पूजा करते ना, वैसीच करो. हमलोग चुप बैठते."

अप्पा खाटेवर मांडी घालून बसले. विभूती लावली. लिंग तळहातावर घेतलं. बाजूला यंत्राच्या पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत चालली होती. नर्स, डॉक्टर आणि मी भिंतीला टेकून उभे होतो. बराच वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं, आज होणार नाही, आणि घरी जाऊ.

मग अप्पांचा चेहरा सैल झाला. कपाळावरची आठी, जी मी कायम बघत आले, ती गेली. ओठ किंचित उघडले. त्यांना इतकं सुखात मी कधी बघितलं नव्हतं. आणि पडद्यावरची रेघ सपाट झाली.

यंत्र ओरडायला लागलं. नर्स धावली, डॉक्टरांनी अप्पांना मागून धरलं, लिंगाचा हात मी खालून सावरला. रेघेनं उडी मारली, मग दुसरी, मग चाल धरली. अप्पांनी डोळे उघडले. डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी आमचे चेहरे बघितले आणि त्यांना कळलं.

"दिसलं काय?" त्यांनी मला विचारलं.

"व्हय."

"थांबलं होतं?"

"व्हय, अप्पा. थांबलं होतं."

त्यांनी लिंग डबीत ठेवलं, डबी बंद केली. "मग आजपतूर जे लागलं, ते सगळं..."

"ते मला म्हाईत न्हाई," मी म्हटलं. "रेघ तेवढंच दाखवती. काळीज थांबलं होतं, तेवढंच." मला तेव्हा याहून जास्त काही येत नव्हतं आणि आजही येत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, पेसमेकर बसवावा लागेल. ठोका चुकला की तो आपण होऊन देईल, मग थांबणार नाही. अप्पांनी एकच विचारलं, कधीच थांबणार नाही का. डॉक्टरांना वाटलं ते घाबरलेत, म्हणून त्यांनी खांद्यावर हात ठेवून हसत सांगितलं, कधीच नाही. अप्पा म्हणाले, विचार करून सांगतो. मी हट्टाला पेटले होते, पण इथं माझा हट्ट चालेना. मी बोलले, रडले, रागावले. ते मान हलवत राहिले.

शेवटी मी वचन मोडलं आणि अव्वाला सगळं सांगितलं. ती खाटेच्या कडेला येऊन बसली, पदरानं त्यांच्या कपाळावरची खोकेची खूण पुसली, जणू ती पुसली जाणार होती. म्हणाली, "तुमी तिकडं जाता आन् परत येता. आतापतूर आलाव. येताना वाट चुकलाव तर मी कुणाला इचारू?"

अप्पांनी होकार दिला.

आता माझं जाणकार म्हणून मत सांगते, कारण तेवढा हक्क मला आहे. मी आजवर हाताळलेल्या यंत्रांत पेसमेकर सगळ्यांत चांगलं. पडदा नाही, गुरगुरणं नाही, रोज चार्जिंग नाही, माहितीपत्रक वाचायला कुणाला वेळ नसला तरी चालतं. गरज नसेल तेव्हा गप्प बसतं. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली ते आहे, कातडीखाली बोटाला लागतं, आणि त्याच्या जरासं खाली अप्पांची चांदीची डबी लोंबते. शस्त्रक्रियेच्या वेळी डबी गळ्यातून काढावी लागली तर त्यांनी ती उजव्या दंडाला बांधून घेतली. अंगावेगळी केली नाही.

अव्वानं मोपेडची किल्ली परत दिली. अप्पा पुन्हा फटफट करत दुकानात जायला लागले. माझं घड्याळ मी परत मागितलं नाही. अप्पा रोज सकाळी आंघोळीत ते हातावर तसंच ठेवतात आणि तसंच पूजेला बसतात. सकाळचा तुकडा आता भरलेला असतो, रोज एकसारखा.

मला विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. काही महिन्यांनी, ते पूजा आटोपून कपडे घालत होते तेव्हा विचारलं.

"अप्पा, लागतं काय आजून?"

"न्हाई," ते सहज म्हणाले. सदऱ्याची गुंडी लावली. "बसतो, बघतो. हात हात राहतो. रस्त्यावरची गाडी ऐकू येती. अव्वाची फोडणी बी ऐकू येती."

मला खाली बघावंसं वाटलं, पण मी त्यांच्याकडेच बघत राहिले. ते दुःखी नव्हते. कपाळावर ती आठी परत आली होती, तुरीतले खडे निवडताना असते ती.

"पयलं आपसूक व्हायचं," ते म्हणाले. "आता मलाच करावं लागतंय."

दारात गेले, चप्पल पायात सरकवली आणि परत वळून डावा हात माझ्यापुढे केला.

"ते गुरगुरणं पहाटे उठवायपुरतं परत चालू करता येतंय काय? उद्यापासून लवकर उठायचंय. जास्ती बसायला लागंल."